पिन उलटा टाकल्याने पोलीस येत नाहीत

सारंगखेड्याच्या यात्रेचे दिवस जवळ आले की आमच्याकडे एक जुना मेसेज हमखास फिरू लागतो: एटीएमवर कुणी धमकावलं तर पिन उलटा टाका, पैसेही निघतील आणि पोलिसांनाही कळेल. परवा अमळनेरच्या मावशींनीही तो पाठवला, अगदी काळजीने.

हे खोटं आहे. भारतातल्या कोणत्याही एटीएममध्ये अशी सोय नाही. उलटा पिन यंत्राला फक्त चुकीचा पिन वाटतो. तीनदा चुकला की कार्ड सहसा दिवसभरासाठी बंद पडतं. आणि ज्याचा पिन २३३२ आहे, त्याने काय उलटं करायचं? या कल्पनेला अमेरिकेत १९९८ साली पेटंट मिळालं होतं, पण बँकांनी ती वापरात आणलीच नाही. मेसेज मात्र जगभर फिरला.

खरा धोका वेगळाच असतो. भुसावळ स्टेशनबाहेर गाडीची घाई, मागे रांग, आणि कुणीतरी म्हणतो, "काका, द्या इकडे, मी काढून देतो." पिन तो बघून घेतो आणि परत देतो ते त्याच बँकेचं, त्याच रंगाचं दुसरं कार्ड. घरी येईपर्यंत लक्षातही येत नाही. म्हणून कार्ड हातात आलं की आधी त्यावरचं नाव वाचा, आणि पिन टाकताना दुसरा हात बटणांवर आडवा धरा.

पैसे गेलेच तर लगेच बँकेला सांगून कार्ड बंद करा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावा.