सेमीफायनलमधली आघाडी : पार्श्वभूमी

रणजी करंडकाची सेमीफायनल पाच दिवसांत निकाली निघाली नाही, तर पहिल्या डावात ज्याच्या धावा जास्त तो संघ फायनलला जातो. लीगमध्ये निर्णायक विजयाला ६ गुण, अनिर्णित सामन्यात आघाडी घेणाऱ्याला ३ आणि पिछाडीवाल्याला १. म्हणजे तिथे आघाडीची किंमत विजयाच्या निम्मी. बाद फेरीत मात्र ती विजयाइतकीच होते, आणि भांडणं सुरू होतात ती इथूनच. अलीकडच्या ज्या सेमीफायनल लोकांच्या तोंडी राहिल्या, त्यांतल्या बहुतेकींच्या मुळाशी हाच नियम आहे.

फेब्रुवारी २०२५ची अहमदाबादची सेमीफायनल घ्या. केरळने पहिल्या डावात १८७ षटकं खेळून ४५७ धावा केल्या. इतक्या संथ खेळावर नाकं मुरडली गेली, पण केरळला काय हवं होतं ते पहिल्या दिवसापासून उघड होतं. गुजरातने तितक्याच चिवटपणे उत्तर दिलं आणि चौथ्या दिवसअखेर ७ बाद ४२९पर्यंत मजल मारली. पाचव्या दिवशी सकाळी शेवटची जोडी मैदानात होती, धावा ४५५. बरोबरीला दोन हव्या होत्या, आघाडीला तीन. त्यातल्या एका फलंदाजाने जोरात बॅट फिरवली. चेंडू फलंदाजाच्या अगदी जवळ, शॉर्ट लेगला उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटवर आदळून उंच उडाला आणि स्लिपमध्ये उभ्या असलेल्या केरळच्या कर्णधाराच्या हातात अलगद येऊन पडला. केरळची आघाडी २ धावांची. सामना अनिर्णित, आणि केरळ पहिल्यांदाच रणजीच्या फायनलमध्ये.

काही वर्षं आधी हा झेल ग्राह्यच धरला गेला नसता. क्षेत्ररक्षकाने घातलेल्या हेल्मेटला लागून आलेला चेंडू पकडला तरी पूर्वी फलंदाज बाद होत नसे. ऑक्टोबर २०१७पासून लागू झालेल्या नियमावलीत ते बदललं. आणखी एक गंमत म्हणजे ज्याचं हेल्मेट होतं, त्याच खेळाडूने आदल्या फेरीत पुण्याजवळ गहुंज्याला जम्मू-काश्मीरविरुद्ध शेवटच्या जोडीला हाताशी धरून नाबाद शतक काढलं होतं. तिथे केरळच्या २८१, समोरच्यांच्या २८०. एका धावेने सेमीफायनल आणि दोन धावांनी फायनल, असा केरळचा प्रवास झाला.

नियमाचं मूळ सरळ आहे. १९३४-३५ला स्पर्धा सुरू झाली ती बाद पद्धतीची. विभागवार लीग १९५७-५८मध्ये आली. बाद पद्धतीत कुणी तरी पुढे जायलाच हवं, आणि दिवस तर मोजके. मैदानावरच्या क्लबांच्या दोन-तीन दिवसांच्या सामन्यांतही हीच अडचण असते आणि तोडगाही हाच. पहिले डाव पुरे झाले नाहीत तर त्याहून विचित्र प्रकार व्हायचा. १९८९-९०ची फायनल बंगालने दिल्लीकडून जिंकली ती धावांना पडलेल्या विकेटांनी भागून. दिल्लीच्या सर्वबाद २७८, बंगालच्या ४ बाद २१६. भागाकारात बंगाल सरस ठरला. त्या हिशेबापुढे आघाडीचा नियम फारच समजूतदार वाटतो.

जुन्या काळात सेमीफायनल म्हणजे धावांचा डोंगर. १९४५-४६मध्ये इंदूरला होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ केल्या, एकाच डावात सहा शतकं. मार्च १९४९मध्ये पुण्यात मुंबई विरुद्ध महाराष्ट्र हा सामना सात दिवस चालला. मुंबईच्या ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्राच्या ४०७ आणि ६०४. एकूण २३७६ धावा आणि नऊ शतकं. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात याहून जास्त धावा कुठे झालेल्या नाहीत. या आकड्यांमध्ये एक गोष्ट झाकली जाते. मुंबईकडे पहिल्या डावात २४४ची आघाडी होती, तरी ती पुन्हा फलंदाजीला उतरली, तीही ७१४ धावांसाठी. महाराष्ट्रापुढे ९५९चं लक्ष्य ठेवलं, त्यांनी चौथ्या डावात सहाशे पार केल्या आणि तरी ३५४ धावांनी हरले.

हाच नियम मुंबईवर उलटलाही आहे. सलग १५ विजेतेपदांनंतर १९७३-७४मध्ये बंगळुरूच्या सेमीफायनलमध्ये कर्नाटकने पहिल्या डावात आघाडी घेतली आणि ती साखळी तुटली. मुंबईचा कर्णधार त्या डावात जम बसल्यावर धावबाद झाला. त्या पिढीतली माणसं तो धावबाद अजून विसरलेली नाहीत. पुढे एप्रिल २०००मध्ये वानखेडेवर तामिळनाडूच्या ४८५ला मुंबईने ४९० असं उत्तर दिलं. त्यातल्या नाबाद २३३ एकट्याच्या, आणि त्यातही मोठं काम तळाच्या फलंदाजांना एका टोकाला जपत पुढे नेण्याचं होतं. आघाडी फक्त ५ धावांची. मुंबईने त्या वर्षी करंडक जिंकला.

शाळेच्या सेमीफायनलचा उल्लेख टाळता येत नाही. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, मुंबईतल्या शाळांची हॅरिस शिल्ड स्पर्धा. २ बाद ८४ वरून दोन पोरांनी नाबाद ६६४ जोडल्या, एकाच्या ३४९, दुसऱ्याच्या ३२६. डाव घोषित करा म्हणून सीमारेषेवरून हाका येत होत्या, त्या दोघांनी कानाआड केल्या. प्रतिस्पर्धी शाळा १४५मध्ये गुंडाळली गेली आणि त्यात ३४९वाल्यानेच ३७ धावांत ६ बळी काढले. बघणाऱ्यांना तो पराक्रम वाटला, समोरच्या अकरा मुलांना काय वाटलं असेल ते कुणी विचारलं नाही. मोठ्यांच्या क्रिकेटमध्ये हाच प्रश्न नंतर जोरात विचारला गेला.

तो २०२२च्या जूनमध्ये, बंगळुरूला, मुंबई विरुद्ध उत्तर प्रदेश या सेमीफायनलमध्ये. मुंबई ३९३, उत्तर प्रदेश १८०. आघाडी २१३. फॉलोऑन देता येत होता, म्हणजे उत्तर प्रदेशला लगेच पुन्हा फलंदाजीला उतरवता येत होतं, पण दिला नाही. मुंबई पुन्हा फलंदाजीला आली, ठीक. पण ती बाहेर येईचना. पहिल्या डावात शतक केलेला सलामीवीर दुसऱ्या डावात ५३ चेंडू शून्यावर होता. ५४व्या चेंडूवर पहिली धाव निघाली तेव्हा त्याने हसत बॅट उंचावली आणि समोरच्या संघानेही टाळ्या दिल्या. पुढे तो १८१वर गेला. शेवटच्या दिवशीही डाव घोषित झाला नाही. ४ बाद ५३३ला, एकूण ७४६ धावा पुढे असताना, हस्तांदोलन झालं आणि मुंबई फायनलला गेली.

टीकाकारांचं म्हणणं सोपं होतं: हा खेळ नव्हे. उत्तर प्रदेशला पाचव्या दिवशी हरण्याचीसुद्धा संधी मिळाली नाही. ७४६च्या जागी ५०० ठेवून चार सत्रं मारा केला असता तर मुंबईचं काय बिघडलं असतं? त्याच मोसमात झारखंडने नागालँडविरुद्ध एकूण आघाडी १००८ धावांची होईपर्यंत खेळ चालवला होता, त्यामुळे लोकांचा संताप आधीच साठलेला.

दुसरी बाजू फार कमी मांडली गेली. फॉलोऑन दिला असता तर तेच गोलंदाज लगेच पुन्हा मैदानात. सामना संपला १८ जूनला, फायनल २२ जूनला. त्याआधी क्वार्टर फायनल ९ जूनला संपली होती, आणि ती मुंबईने ७२५ धावांनी जिंकली होती. निर्णायक विजय नको असलेला हा संघ नक्कीच नव्हता. तीन आठवड्यांत तीन प्रथम श्रेणी सामने, वेगवान गोलंदाज मोजके. अशा वेळी ज्या विजयाने बाद फेरीत एकही जास्तीचा फायदा होत नाही, त्यासाठी कर्णधाराने गोलंदाज का झिजवावेत? नियम करणाऱ्या मंडळाने आघाडीला विजयाचं वजन दिलं आणि दोष खेळणाऱ्यांवर गेला.

१९४९शी तुलना करून मुंबईला पाठीशी घालणारेही होते, पण ती तुलना लंगडी आहे. पुण्यात सात दिवस मिळाले, म्हणून ७१४ धावांनंतरही निकाल लागला. बंगळुरूला पाचच दिवस होते. तिथे दुसऱ्या डावात बसून राहणं म्हणजे सामना मारणं हे मान्यच करायला हवं. तरीही निर्णय चुकीचा म्हणवत नाही. तो रटाळ होता, एवढंच. आणि रटाळपणाचा मुंबईला फायदाही झाला नाही. फायनलमध्ये मध्य प्रदेशने मुंबईच्या ३७४ला ५३६ असं उत्तर देऊन आघाडी घेतली, आणि तिच्यावर समाधान न मानता ६ गडी राखून सामनाही जिंकला.

आघाडी हुकलेल्या संघाला जिंकण्यावाचून दुसरा रस्ता उरत नाही, आणि तो रस्ता सगळ्यात चांगला विदर्भाने वापरला. डिसेंबर २०१७मध्ये कोलकात्याला कर्नाटकविरुद्ध विदर्भ १८५, कर्नाटक ३०१. सामना अनिर्णित राहिला असता तर विदर्भ घरी. विदर्भाने दुसऱ्या डावात ३१३ काढल्या, लक्ष्य १९८चं दिलं, आणि एका वेगवान गोलंदाजाने सात बळी घेत कर्नाटकला १९२वर थांबवलं. फरक ५ धावांचा. विदर्भाचा पहिला करंडक त्याच मोसमातला. मार्च २०२४मध्ये नागपूरला पुन्हा तेच: मध्य प्रदेशविरुद्ध ८२ धावांची पिछाडी, मग ४०२चा दुसरा डाव आणि ६२ धावांनी विजय. या दोन सेमीफायनल आघाडीच्या नियमाविरुद्ध पुरावा म्हणून सांगितल्या जातात. खरं तर त्या नियमामुळेच तशा झाल्या. कर्नाटकला आणि मध्य प्रदेशला हरणं टाळलं तरी पुरे होतं, विदर्भाला ती मुभा नव्हती.

फेब्रुवारी २०२५ची दुसरी सेमीफायनल अहमदाबादच्याच दिवसांत नागपूरला झाली. विदर्भाने मुंबईवर ११३ची आघाडी घेतली आणि आघाडीवर बसून न राहता ८० धावांनी सामनाही जिंकला. फायनलला समोर केरळ आला. त्यांच्याकडून नागपूरचाच एक डावखुरा फिरकीपटू त्या मोसमात पाहुणा म्हणून खेळत होता. अहमदाबादची ती हेल्मेटवाली विकेट त्याच्याच गोलंदाजीवरची. फायनलमध्ये आपल्या जुन्या संघाविरुद्ध त्याने ७९ केल्या, पण केरळ ३४२वर अडकला. विदर्भाच्या ३७९. आघाडी ३७. मग विदर्भाने दुसऱ्या डावात ९ बाद ३७५पर्यंत फलंदाजी केली, पाचवा दिवस तसाच सरला, दोन्ही संघांनी हात मिळवले आणि करंडक विदर्भाकडे गेला. २०२२मध्ये उठला होता तसा गदारोळ या वेळी काही कानावर आला नाही.