उठताना डोळ्यांपुढं अंधारी का येते?

परभणीकडं कापसाची खुरपणी चालू असते. तासभर उकिडवं बसून पातीच्या टोकाला पोचलेली बाई झटकन उठते आणि डोळ्यांपुढं अंधारी येते. सोबतीण म्हणते, "रगत कमी झालंय, सलाईन लावून घे." रक्त कमी असूही शकतं, तपासावंच. पण या क्षणी झालंय ते वेगळंच: आहे तेच रक्त खाली उतरलंय.

उभं राहिलं की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पाय आणि पोटाच्या शिरांत साठतं. हृदयाकडं परतणारं रक्त घटतं, ठोक्यागणिक बाहेर पडणारंही घटतं. उकिडव्या बैठकीत पायाच्या शिरा दाबलेल्या असतात, म्हणून तिथून उठताना रक्तदाब जास्तच कोसळतो.

आता खरी गंमत. जबड्याखाली, मानेची नाडी लागते तिथं, मेंदूकडं जाणारी धमनी दुभागते. तिच्या भिंतीत मज्जातंतूंची टोकं आहेत. ती दाब मोजत नाहीत, भिंत किती ताणली गेली ते मोजतात. ताण असला की मेंदूच्या बुडाशी सतत संदेश जातात. दाब पडला की भिंत सैलावते, संदेश विरळ होतात, आणि ही शांतताच मेंदूसाठी धोक्याची खूण ठरते. हृदय एकटं सोडलं तर मिनिटाला साधारण 100 ठोके देईल. व्हेगस नावाचा मज्जातंतू त्याला 70 च्या आसपास रोखून धरतो. ती पकड सेकंदभरात सुटते. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या सिंपथेटिक मज्जातंतूंना मात्र काही सेकंद लागतात. अंधारी येते ती याच फटीत.

उतारवयात धमन्या ताठ होतात, ताण नीट कळत नाही. बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्याही हा प्रतिसाद मंदावतात. उभं राहिल्यावर 3 मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब 20 ने किंवा खालचा 10 ने उतरून तसाच राहिला, तर डॉक्टर त्याला आजार मानतात. गोळी मनानं बंद करू नका, त्यांना सांगा.

याला 'बाहेरचं' म्हणून अंगारा लावणाऱ्यांचा मला राग येतो, आणि सरसकट सलाईन टोचणाऱ्यांचाही. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी, एवढंच असतं. तोंडानं पिता येणाऱ्या बाईला उन्हात ओआरएस पुरतं.

उठण्याआधी पाय ताणून पोटऱ्या चार-सहा वेळा आवळा. त्या शिरांतलं रक्त वर ढकलतात. तरी गरगरलं तर लगेच खाली बसा. पडून शुद्ध हरपली किंवा छातीत दुखलं तर थेट दवाखाना गाठा.