शेवटचा शत्रू सुसाट का सुटतो?

'स्पेस इन्व्हेडर्स' या खेळात खरी धडकी भरते ती पडद्यावर एकच शत्रू उरल्यावर. सुरुवातीला पाच रांगांत अकरा-अकरा असे 55 परग्रहवासी सावकाश सरकत असतात. तुम्ही त्यांना टिपत जाता, तसतसे उरलेले चवताळल्यासारखे धावू लागतात.

हा वेग मुळात कुणी ठरवून दिलेला नव्हता. 1978 साली तोमोहिरो निशिकादो यांनी जपानच्या तैतो कंपनीसाठी हा खेळ तयार केला. प्रोग्रॅमही त्यांचा आणि त्यासाठीचं यंत्रही त्यांनीच जुळवलेलं. आत इंटेलचा 8080 प्रोसेसर होता, वेग दोन मेगाहर्ट्झ. पडद्यावरचं चित्र सेकंदाला सुमारे 60 वेळा नव्याने उमटतं. तेवढ्या क्षणात हे यंत्र एकाच परग्रहवाशाला जुन्या जागेवरून पुसून नव्या जागी काढायचं. म्हणजे 55 जणांची फौज एक पाऊल पुढे जायला जवळपास एक सेकंद! बारकाईने पाहा: सगळी फौज एकदम हलत नाही, खालच्या रांगेपासून वरपर्यंत एक लहर सरकत जाते. निम्मे संपले की तेच पाऊल अर्ध्या सेकंदात पडतं, आणि शेवटचा एकटा दर सेकंदाला 60 पावलं टाकतो.

निशिकादोंच्या हे लक्षात आलं, तेव्हा त्यांनी ते दुरुस्त केलं नाही, तसंच ठेवलं. माझ्या मते खेळ घडला तो इथे. सोबत वाजणारा चार उतरत्या, खर्जातल्या सुरांचा ठेकाही शत्रू कमी होतील तसा जलद होतो.

आणि हे शत्रू ऑक्टोपस, खेकडा, माकूल यांच्यासारखे का दिसतात? माणसांवर गोळ्या झाडणं कंपनीला मान्य नव्हतं, म्हणून परग्रहवासी आले. त्यांचं रूप निशिकादोंना एच. जी. वेल्स यांच्या 1898 सालच्या कादंबरीतल्या, शुंडांनी वेढलेल्या मंगळवासीयांवरून सुचलं. त्या काळी मंगळावर कुणीतरी राहतं, ही कल्पना जोरात होती. 1877 साली इटलीच्या शियापारेल्लींना दुर्बिणीतून तिथे रेषा दिसल्या होत्या; पुढे अमेरिकेच्या पर्सिव्हल लॉवेल यांनी ते पाण्यासाठी खोदलेले कालवे असल्याचं हिरिरीने मांडलं. 1965 मध्ये मरिनर-4 यानाने मंगळाची जवळून छायाचित्रं पाठवली. कालवा एकही नव्हता, होती ती उल्कापाताची विवरं. तोवर मंगळवासी लोकांच्या मनात इतके रुजले होते, की तेरा वर्षांनी ते जेमतेम आठ ठिपके उंचीच्या आकृत्यांतही चटकन ओळखू आले.