पीजे थांबली, शेंदुर्णीचं स्टेशन राहिलं

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि देशभरातल्या गाड्यांबरोबर जळगाव जिल्ह्यातली पाचोरा-जामनेर गाडी, म्हणजे ‘पीजे’ही थांबली. बाकीच्या गाड्या हळूहळू सुरू झाल्या. पीजे मात्र पुन्हा निघालीच नाही, आणि वरखेडी, शेंदुर्णी, पहूर ही स्टेशनं ओस पडली.

या स्टेशनांचं मूळ कापसात आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६०च्या दशकात खानदेशातून भुसावळकडे गेला. त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवीमुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि इथल्या काळ्या जमिनीला भाव आला. पण मुख्य मार्गापासून लांबच्या गावांचा माल बैलगाडीनेच स्टेशन गाठायचा. जामनेर तालुक्याची ती अडचण १९१८-१९ साली सुटली. पाचोऱ्याहून सुमारे ५६ किलोमीटरचा, अडीच फुटी रुळांचा फाटा जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या कारभाराखाली सुरू झाला.

अरुंद रूळ टाकायला स्वस्त, पण त्यांची मेख पाचोऱ्यात होती. इथले डबे मोठ्या रुळावर जाऊ शकत नसत. कापसाची प्रत्येक गाठ उतरवून पुन्हा चढवावी लागे. ट्रक थेट जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, दारात उभे राहू लागल्यावर या हमालीचं ओझं कोण सोसणार? माल रस्त्यावर गेला, माणसं गाडीत राहिली. शाळा-कॉलेजची पोरं, बाजाराला निघालेल्या बाया, आषाढीला त्रिविक्रमाच्या दर्शनाला शेंदुर्णीत उतरणारे भाविक. खानदेशाच्या या प्रतिपंढरपूरला येणाऱ्या गरिबाला पीजेचं तिकीट परवडायचं. गाडी तोट्यात चालते असं सांगताना ही बाजू कुणी मांडत नाही, याचं वाईट वाटतं.

म्हणूनच ‘पीजे बचाव’साठी लोक उभे राहिले. आता हा मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे मोठ्या रुळांचा, करून जामनेरच्या पुढे बोदवडपर्यंत न्यायचा आहे. एकूण ८४ किलोमीटर. आजवर जामनेर म्हणजे शेवटचं स्टेशन. बोदवड जोडलं की तिथून भुसावळ-नागपूर मार्ग मिळेल, म्हणजे शेंदुर्णीच्या माणसाला एकीकडे मुंबई आणि दुसरीकडे विदर्भ, दोन्ही दिशा खुल्या होतील. मात्र मोठ्या रुळावरून वेगाने जाणाऱ्या गाड्यांना लहान थांबे नकोसे असतात. आराखड्यात वरखेडी-पहूरचे थांबे आत्ताच मागून घ्यायला हवेत. रूळ पडल्यावर ते मिळवणं फार अवघड जाईल.