आयपी ॲड्रेसमधलं ०१० आणि १०: दिसायला सारखं, पण एकच नाही

आकड्याच्या डावीकडे कितीही शून्यं लावा, किंमत तीच राहते, हे आपण लहानपणापासून ऐकतोय. तारखेत ०५ लिहिलं काय नि ५ लिहिलं काय, काय फरक पडतो. आयपी ॲड्रेसमध्ये, म्हणजे नेटवर्कवरच्या मशीनच्या पत्त्यात, मात्र पडतो, आणि वैताग हा की दरवेळी पडत नाही.

मला हे कळलं सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमुळे, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्यामुळे. त्याच्या स्क्रीनवर ॲड्रेस दिसत होता १९२.१६८.००१.०२०, सगळे आकडे छान तीन-तीनच्या रांगेत. मी तसाच्या तसा पिंगला (समोरचं मशीन उत्तर देतंय का बघणारी कमांड) टाकला, रिप्लाय नाही, मग केबल काढून घातली, स्विच बदलला, अर्धा तास गेला आणि मग कुठे पिंगची पहिली ओळ नीट वाचली, तिथे १९२.१६८.१.१६ लिहिलेलं! वीसचे सोळा झाले कसे?

तर झालं असं की सी भाषेत पुढे शून्य असलेला आकडा ऑक्टल धरतात, म्हणजे दशकाच्या घरात दहा नाही, आठ. ०२० म्हणजे दोन आठ, सोळा. ०१० म्हणजे आठ. बीएसडी युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या जमान्यापासून ॲड्रेस वाचणारा कोड हीच पद्धत पाळत आलाय आणि पिंगसारखी टूल्स अजून त्याच वळणाची आहेत. १०० ला पुढे शून्यच नाही, त्यामुळे ते शंभरच, पण ०१०० लिहिलंत की चौसष्ट.

आता खरी मेख बघा. ००१ ते ००७ पर्यंत दोन्ही पद्धतींत उत्तर सारखंच येतं, म्हणून १९२.१६८.००१.००१ बिनबोभाट चालतं आणि आपल्याला वाटतं शून्यं लावली तरी काही होत नाही. ००८ टाकलं की एरर, कारण ऑक्टलमध्ये आठ हा अंकच नसतो. आणि ०१० पासून पुढे, आकड्यात ८ किंवा ९ नसेल तर, एररसुद्धा नाही, गुपचूप दुसऱ्याच मशीनला जातं. एरर परवडली हो! गंमत म्हणून ०१०.०१०.०१०.०१० ला पिंग करून बघा, गुगलचा सर्व्हर ८.८.८.८ उत्तर देईल. १०.१०.१०.१० हा तर खासगी नेटवर्कचा ॲड्रेस, दोघांचा काही संबंध नाही.

एक प्रोग्राम ऑक्टल वाचतो आणि दुसरा साधा दशमान, तेव्हा प्रकरण सिक्युरिटीवर जातं. २०२१ मध्ये नोडच्या (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी सिस्टीम) नेटमास्क पॅकेजमध्ये, म्हणजे ॲड्रेस आतला की बाहेरचा हे ठरवायला वापरतात त्या तयार कोडमध्ये, हेच सापडलं, ते पुढचं शून्य उडवून टाकायचं, म्हणजे ०१७७.०.०.१ त्याला १७७.०.०.१ वाटायचा, बाहेरचा ॲड्रेस, जाऊ दे, आणि प्रत्यक्षात कनेक्शन लागणार १२७.०.०.१ ला, म्हणजे आपल्याच सर्व्हरच्या पोटात. पायथन भाषेच्या ॲड्रेस वाचणाऱ्या मॉड्यूलमध्येही तसंच निघालं, मग ३.९.५ व्हर्जनपासून त्यांनी पुढे शून्य दिसलं की सरळ एरर द्यायला सुरुवात केली. गो भाषेनेही १.१७ पासून तेच केलं, आणि मला तरी हाच मार्ग पटतो, अंदाज बांधत बसण्यापेक्षा नाही म्हणावं.

डीव्हीआर अजून तीच शून्यं दाखवतो. मी त्याच्यावर मार्करने १९२.१६८.१.२० लिहून ठेवलंय.