दुग्धज्वराची बाटली किटोसिसला चालत नाही
व्यायलेल्या संकरित गाईने खुराक सोडला आणि दूध कमी केले, की गोठ्यात निदान ठरलेले असते: कॅल्शियम कमी पडले. व्यायल्यापासून दोन-तीन दिवसांच्या आत गाय थरथरू लागली, कान गार पडले, ती बसली आणि मान कुशीला वळवून पडून राहिली, तर हे निदान बरोबर आहे. तो दुग्धज्वर, आणि तो बहुतेक दूध उत्पादकांना ओळखता येतो. मात्र व्यायल्यावर तीन आठवड्यांनी, पायांवर नीट उभी असलेली, कडबा खाणारी पण पेंड हुंगून तोंड फिरवणारी गाय दिसली की तिलाही कॅल्शियमची तीच बाटली लावली जाते, हे फार खटकते. तिचा आजार बहुधा वेगळा असतो: किटोसिस.

दोन्ही आजारांत दुधाची मागणी शरीराच्या पुरवठ्यापुढे जाते, इतके साम्य खरे आहे. फरक आहे तो साठ्याच्या वागण्यात. दुग्धज्वरात हाडांमध्ये कॅल्शियमचा साठा भरपूर असतो, पण तो वेळेवर उघडत नाही. रक्तद्रवात एका वेळी जेमतेम 3 ग्रॅम कॅल्शियम फिरत असते, तर 10 लिटर चिकातून 20 ग्रॅमहून अधिक बाहेर पडते. ही तूट भरून काढणाऱ्या संप्रेरकांना जोर धरायला एक-दोन दिवस लागतात आणि तिसऱ्या वेतापासून पुढे त्यांचा प्रतिसाद आणखी मंदावतो. किटोसिसमध्ये नेमके उलटे घडते, चरबीचा साठा अनावर सुटतो. दूध साधारण चौथ्या ते सहाव्या आठवड्यात शिखर गाठते, पण खाणे त्यानंतर कित्येक आठवड्यांनी पुरते वाढते. मधल्या काळात दुधातील साखर बनवायला ग्लुकोज अपुरे पडते, अंगावरची चरबी सुटून यकृताकडे जाते आणि यकृताला ती पूर्ण जाळता न आल्याने किटोन, म्हणजे अर्धवट जळलेल्या चरबीचे पदार्थ, रक्तात साचतात. किटोन वाढले की भूक मरते आणि भूक मेली की आणखी चरबी सुटते. हे चक्र तोडायला ग्लुकोज हवे: शिरेतून डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचेच द्रावण) आणि त्यानंतर काही दिवस तोंडाने प्रोपिलीन ग्लायकॉल (यकृत ज्यापासून ग्लुकोज बनवते ते द्रव), तेही पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच. दुग्धज्वर होऊन गेलेल्या गाईला पुढे किटोसिसचा धोका वाढतो हे खरे, पण म्हणून उपचार एक होत नाही.

गूळ पाजणे हाही उपाय नव्हे, कारण त्यातील साखर कोटीपोटात, म्हणजे गाईच्या पहिल्या मोठ्या पोटातच, आंबते आणि ग्लुकोज म्हणून रक्तात जवळजवळ पोचतच नाही. श्वासाच्या गोडसर वासावरही विसंबू नये, तो अनेकांना जाणवत नाही. किटोन ओळखणारी, लघवीत बुडवायची पट्टी काही मिनिटांत उत्तर देते. रक्तातील बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हा मुख्य किटोन लिटरला 1.2 मिलिमोलवर गेले, तर गाय वरून धडधाकट दिसली तरी तिला छुपा किटोसिस आहे असे समजावे.

भाकड काळातील, म्हणजे दूध आटवल्यापासून व्यायपर्यंतच्या काळातील, चुकाही वेगवेगळ्या आहेत. शेवटच्या महिन्यात गाभण गाईला रोज कॅल्शियमचे टॉनिक पाजले, की हाडांतून कॅल्शियम काढणारी यंत्रणा सुस्तावते आणि दुग्धज्वराला वाट मिळते; म्हणून ते त्या काळात बंदच ठेवावे आणि व्यायल्यावर सुरू करावे. त्याच काळात खुराक वाढवून गाय लठ्ठ केली, तर व्यायल्यावर तिचे खाणे इतरांपेक्षा जास्त घटते आणि सुटायला चरबीही जास्त असते. गाय आटवतानाच ती मध्यम अंगाची असावी आणि वेत होईपर्यंत तशीच राहावी.