‘जस्ट नाऊ’ आणि ‘नाऊ नाऊ’: दक्षिण आफ्रिकेत आधी कोणतं?

जोहान्सबर्गच्या ऑफिसात सहकाऱ्याकडे फाइल मागितली आणि तो म्हणाला, ‘आय विल सेंड इट जस्ट नाऊ’, तर नवखा मराठी माणूस मेल उघडून वाट बघत बसतो. आपल्या कानांना ‘जस्ट नाऊ’ म्हणजे आत्ताच. तिथे त्याचा अर्थ ‘पाठवतो जरा वेळाने’. तो जरा वेळ वीस मिनिटांचा असेल, दोन तासांचाही असेल. कधी काम दुसऱ्या दिवसावरही जातं.

तोच माणूस ‘नाऊ नाऊ’ म्हणाला असता, तर फाइल बरीच लवकर आली असती. लगेच नव्हे, पण हातातलं काम संपलं की. म्हणजे दोन्हींत जवळचं ‘नाऊ नाऊ’ आणि लांबचं ‘जस्ट नाऊ’. लंडनहून आलेला माणूसही इथे फसतो, कारण ब्रिटनमध्ये ‘नाऊ, नाऊ’ म्हणतात ते कुणाची समजूत काढताना किंवा हलकेच दटावताना. वेळेशी त्याचा संबंधच नाही. स्कॉटलंडची तऱ्हा आणखी निराळी: ‘आय ॲम बिझी जस्ट नाऊ’ म्हणजे सध्या मी कामात आहे.

दक्षिण आफ्रिकेतला हा बदल आला कुठून? शेजारच्या भाषेतून. 1820 साली सुमारे चार हजार ब्रिटिश वसाहतकरी ईस्टर्न केप भागात उतरले, तेव्हा केपमध्ये, म्हणजे देशाच्या दक्षिण टोकाकडच्या प्रदेशात, डच भाषा येऊन दीडशेहून अधिक वर्षं झाली होती. त्या डचमधून घडलेल्या आफ्रिकान्स भाषेत ‘नेटनोऊ’ आणि ‘नोऊ-नोऊ’ असे दोन शब्द आहेत. ‘नेट’ म्हणजे फक्त किंवा नुकतंच, ‘नोऊ’ म्हणजे आता. इंग्रजीने शब्द स्वतःचे ठेवले आणि अर्थ शेजाऱ्याकडून घेतला. ‘नेटनोऊ’ मागच्या वेळेलाही चालतो आणि पुढच्याही.

तीच सोय ‘जस्ट नाऊ’मध्ये आली, आणि ओळखायची खूण क्रियापदात आहे. ‘ही वॉज हिअर जस्ट नाऊ’ म्हटलं, तर तो आत्ताच इथे होता. हा अर्थ आपल्यासारखाच. वाक्य भविष्यकाळाचं असलं की सावध व्हायचं.

याला टाळाटाळ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. बोलणारा फसवत नसतो. काम होईल, पण घड्याळ लावून नाही, एवढं तो सरळ सांगत असतो. हे ऐकणाऱ्या स्थानिकाला नेमकं कळतं. रागावतो तो बाहेरून आलेला माणूस, आणि ‘लोक शब्द पाळत नाहीत’ असं मत करून घेतो. एका शब्दापायी माणसांविषयी असं मत व्हावं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

खरंच त्या क्षणी काम हवं असेल, तर ‘राइट नाऊ’ म्हणावं, नाहीतर सरळ ‘तीन वाजेपर्यंत’ अशी वेळ सांगावी. आणि रस्ता विचारल्यावर ‘रोबोटपाशी डावीकडे वळा’ असं कुणी म्हणालं, तर सिग्नल शोधावा. तिथे सिग्नलला रोबोटच म्हणतात.